चंद्री म्हशीची मुळी

ये प्रज्ञा, जवळ ये. कागदावर का होईना, पण माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. गेल्या दिवाळीला येते म्हणालीस, मग उन्हाळ्यात येते म्हणालीस, आणि आला तो फोन. फोनवर तरी धड बोलावं, तर तेही नाही. तू तिकडे नागपूरला तुझ्या प्रयोगशाळेतून बोलत होतीस आणि मी इकडे मेथी निवडत होते. तू म्हणालीस, मोठी आजी, उंदराच्या मेंदूवर चाललेलं औषध माणसाच्या मेंदूवर तसंच चालेल असं नसतं. मी गप्प राहिले. तुला वाटलं, म्हातारीला कळलं नाही. लगेच म्हणालीस, जाऊ दे, तुला नाही समजायचं.

लागलं मला ते. तू सुभद्राची नात, म्हणजे माझीही नातच. सुभद्रा माझी धाकटी जाऊ, आणि आम्ही दोघी साठ वर्षांहून जास्त एका चुलीवर राहिलो. जे तू शिकून आलीस ते मी तुझ्या बापाच्या जन्माआधी शिकले होते, आणि ते कसं शिकले हे त्या वेळच्या दोन डॉक्टरांखेरीज घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. आता या दिवाळी अंकाच्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही गुरांच्या दवाखान्यात तीसच्या वर वर्षं काढली, त्यातलं काही लिहा. मी सुभद्राला विचारलं, तुझं लिहू का. ती म्हणाली, "लिहा ना बाई. आता कोन काय म्हनते?" म्हणून लिहिते.

आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती, गावाची नव्हती. गावात पोस्ट होतं आणि पोस्टाच्या भिंतीला लागूनच सरकारी गुरांचा दवाखाना. आम्ही धम्म घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी तिथं झाडझूड करायला रोजंदारीवर लागले. मी तेव्हा विशीच्या आत-बाहेर. घरातून विरोध होईल असं वाटलं होतं. आमच्या वस्तीकडे पिढ्यान्‌पिढ्या मेलेली गुरं ओढायचं आणि सोलायचं काम होतं, आणि ते आम्ही धम्माबरोबर सोडलं होतं. आता सून परत गुरांकडेच चालली. पण माझे सासरे, मामाजी, दाढी खाजवत म्हणाले, "मेल्या जनावराचं नाई, जित्या जनावराचं काम आहे ते. जाय."

शहरातल्या वाचकांना आमचं काम सांगितलं पाहिजे. माणसांच्या दवाखान्यात रोगी आपल्या तोंडानं सांगतो कुठं दुखतं ते. आमच्याकडे रोगी लाथ मारतो आणि सांगतो त्याचा मालक, तेही अर्धं खोटं. बैलाला तीन दिवस आजारी असताना जुंपलेलं असायचं आणि मालक म्हणायचा, साहेब, सकाळी उठला तो असाच. जनावर लाकडी खोड्यात उभं करायचं, जखम धुवायची, अळ्या चिमट्यानं काढायच्या, पिचकाऱ्या उकळायच्या. औषध पाजायचं ते बांबूच्या नळीनं. त्यात एक मेख आहे. जनावराचं नाक त्याच्या डोळ्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. गेलं तर औषध पोटाऐवजी फुप्फुसात उतरतं आणि रोगानं न मेलेलं जनावर आपल्या हातानं मरतं. हे मला कुणी शिकवलं नाही, बघून आलं. माझ्या हातून एकही जनावर ठसकून मेलं नाही. एवढी बढाई मारू दे मला.

अक्षरंही तशीच आली, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. मी वाचलेला पहिला शब्द 'विष'. डॉक्टरसाहेब म्हणजे पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ, त्यांनी ते पाहिलं आणि रजिस्टराचा शेवटचा रकाना मला भरायला दिला. त्या रकान्याचं नाव शेरा. बरा, खातो, मेला, शांत, असले चार-सहा शब्द मी तिथं लिहायची. डॉक्टरसाहेब खाली सही करायचे. रोजंदारीवरच्या बाईच्या अक्षराखाली साहेबाची सही. मी घरी जाऊन सांगायची तर कुणाला खरं वाटत नसे.

एकदा दिग्रसहून एक रिटायर जमादार बसनं आले, मांडीवर टोपली, टोपलीत मांजर. जमादारांना अफूची सवय होती, परवान्यावर मिळायची त्यांना. मांजराच्या पोटात दुखत होतं म्हणून त्यांनी मायेनं आपल्या गोळीतला कण त्याला चाटवला, झोपेल म्हणून. टोपलीचं झाकण उघडलं मात्र, ते मांजर डोळे फाडून औषधाच्या कपाटावर गेलं, तिथून तुळईवर, आणि खाली आल्या त्या तीन बाटल्या. जमादार खालून हात जोडून म्हणत होते, "उतर वं माय, मी तुले चांगल्यासाठी देल्लं." आम्ही हसून लोळायचे बाकी. डॉक्टरसाहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "जमादारसाहेब, अफूनं तुम्ही झोपता, तुमचा कुत्राही झोपेल. मांजराचा मेंदू म्हणजे तुमच्या मेंदूची नक्कल नव्हे." ते वाक्य मी दिवसभर नकला करून सगळ्यांना ऐकवलं. कानात मात्र शिरू दिलं नाही. शिरलं असतं तर पुढचं टळलं असतं.

आता चंद्रीचं सांगते. चंद्री ही पोस्टमास्तरांची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री. पोस्टमास्तरांची बायको, आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो, पोटी मूल नसलेली बाई, म्हशीशी तासन्‌तास बोलायची. कापसाची वेचणी जोरात होती त्या दिवसांत चंद्रीचं पारडू पाच दिवसांचं होऊन मेलं. चंद्रीनं दूध चोरलं, पान्हाच सोडेना. सकाळ-संध्याकाळ हंबरडा फोडायची, दावं तोडायची, धार काढायला बसलेल्याला दोनदा उडवलं तिनं.

पूर्वी असं झालं की आमच्या वस्तीवर निरोप यायचा. मेलेल्या पारडाचं कातडं सोलून त्यात भुसा भरायचा आणि ते म्हशीपुढे उभं करायचं. म्हैस ते चाटते आणि पान्हा सोडते. मामाजींच्या हातचं पारडू इतकं हुबेहूब व्हायचं की लांबलांबून लोक न्यायला यायचे. मास्तरीणबाई स्वतः आमच्या अंगणात आल्या. त्या चांगल्या बाई होत्या, हुकूम करायला आल्या नव्हत्या, डोळे रडून सुजले होते त्यांचे. म्हणाल्या, एवढ्या वेळेस करा, माझी चंद्री मरेल.

मामाजींनी त्यांना बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाले, "बाई, म्हशीचं दुःख समजते मले. पन हे हात आता ते काम नाई करनार. दुसरं काईबी सांगा."

मास्तरीणबाई उठल्या. जाताना मामाजींना नमस्कार करून गेल्या. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. धाकटा मुलगा, सुभद्राचा नवरा, म्हणाला की बरं केलं बाबा. ते म्हणाले, "बरं केलं. पन म्हैस तं बोंबलूनच राह्यली ना."

तर पारडाच्या जागी आली ती मुळी. कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची, माणसं जंगलातून सर्पगंधेची मुळी खणून आणत, व्यापारी घेत. डॉक्टरसाहेबांनीही एक डबा भरून ठेवला होता. बिथरलेल्या जनावराला ते तिची पूड गुळात कालवून देत. चंद्रीला रोज माझ्या हातानं दिली. पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी तिनं दावं ओढलं नाही. आठव्या दिवशी पापण्या अर्ध्या मिटून उभी राहिली आणि मास्तरीणबाईंनी निवांत धार काढली. चरवी भरली तेव्हा त्यांनी मला मिठी मारली, आमच्या वस्तीतल्या बाईला, पोस्टाच्या अंगणात, सगळ्यांदेखत. मी रजिस्टरात ठळक अक्षरांत लिहिलं, 'शांत'. साहेबांनी सही केली. माझ्यासारखी शहाणी बाई त्या दिवशी तालुक्यात नव्हती.

त्यानंतर महिना गेला नाही तो सुभद्राची पोर गेली. पहिली मुलगी, दीड महिन्याची, दोन दिवसांच्या तापानं. सुभद्रा तेव्हा सतरा-अठराची. अंगावरचं दूध वाहत होतं आणि पाळणा रिकामा. ती झोपेना, खाईना, दिवसभर वस्तीत फिरायची, कुणाच्या घरात बाळ रडलं की दारात जाऊन उभी राहायची. एक दिवस शेजारणीचं बाळ पाळण्यातून उचलून घरी घेऊन आली आणि पदराखाली घेतलं. तिनं त्याला काही केलं नसतं. पण शेजारीण घाबरली, आणि घाबरलेल्या बाईचं तोंड कोण धरणार? दोन दिवसांत सगळी वस्ती म्हणू लागली की कौसल्याची जाऊ येडी झाली. आमच्या सासूबाईंनी ठरवलं, आठ दिवसांत नीट झाली नाही तर दिग्रसला तिच्या भावाकडे पोचवून द्यायची. आणि तशी पोचवलेली बाई परत येत नसते, हे मला माहीत होतं आणि सुभद्रालाही.

मी विचार केला, चंद्रीचंही असंच झालं होतं. पोर गेलं, पान्हा अडला, जीव सैरभैर. मग जे चंद्रीला चाललं ते सुभीला का चालू नये? म्हशीला मूठ, तर बाईला चिमूट. अंगाच्या मापानं माप कमी करायचं, एवढंच मला समजत होतं, आणि त्याचाही मला अभिमान होता. मी डब्यातून मुळीची पूड पदरात बांधून आणली. कुणाला विचारलं नाही. गुळाच्या खड्यात घालून सुभद्राला म्हटलं, शक्तीचं आहे, खा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाल्लं.

अगदी तसंच झालं. चार दिवस काही नाही, मग झोप लागली. आठव्या दिवशी ती आपणहून चुलीशी बसली. सासूबाईंनी दिग्रसचं नाव काढणं सोडलं. मामाजी म्हणाले, पोरगी सावरली. मी मनात म्हटलं, माझ्यामुळे सावरली. आणि रोजचा खडा चालू ठेवला.

वेचणी संपली, पळस फुलले. सुभद्रा सांगितलेलं काम करायची, दिलेलं खायची. तिचं नाक सारखं चोंदलेलं असायचं, त्यामुळे वाटायचं, लपून रडते बिचारी. पण ती रडत नव्हती. एका दुपारी ओट्यावर आम्ही तूर पाखडत होतो. एक माशी तिच्या डोळ्याच्या कडेला बसली आणि तिनं ती हाकलली नाही. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, माशी पाणी पीत बसली होती. माझ्या हातातलं सूप थांबलं. हे मी रोज पाहत होते, पण खोड्यात. माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली ती लवकर आली नाही. मी विहिरीवर गेले. भर दुपार, कुणी नव्हतं. ती काठावर उभी होती, दोर हातात गुंडाळलेला, बादली खाली सोडलेलीच नाही. मी हळूच जाऊन तिचा दंड धरला. म्हटलं, सुभे, काय करून राह्यली?

"काई नाई बाई. किती खोल आहे ते पाहून राह्यली होती." मग तितक्याच सपाट आवाजात म्हणाली, "मले पोरीसाठी रडाचं आहे, पन रडूच येत नाई. माहं रडनं कुठी गेलं वं बाई?"

मी तिचा दंड सोडला नाही तो घर येईपर्यंत. तिला मामाजींच्या जवळ बसवलं, क्षणभरही नजरेआड करू नका म्हटलं, आणि तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर मुळीची पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं. चोरीही सांगितली. ते रागावतील, काढून टाकतील, असं वाटत होतं. त्यांनी पुडी सोडून पाहिली. मग विचारलं, "मांजर आठवतं का, कौसल्याबाई?"

मी मान हलवली.

"म्हैस बोलत नाही. तिच्या आत कसं वाटत असेल हे तू विचारलं नाहीस, आणि मीही नाही. आपल्याला ती उभी राहिलेली दिसली. तू 'शांत' लिहिलंस आणि मी सही केली." मग त्यांनी कागद ओढला आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहिली. त्यात माझं नाव घातलं नाही. लिहिलं, 'माझ्या दवाखान्यातली मुळी'.

मोटारीनं यवतमाळला गेलो. डॉक्टरीणबाईंनी सुभद्राला तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की ही मुळी माणसाला झोप देते, रक्ताचा दाब उतरवते, पण कुणाकुणाचं मन असं खाली ओढते की ते विहिरीकडे जातं. ताबडतोब बंद. अंगातून उतरायला आठवडे लागतील, आणि तोवर हिला एकटं सोडायचं नाही. एक घटकाही नाही. वेडी नाही ही, दुःखी आहे, आणि तुम्ही तिचं दुःख अडवून धरलंत. बाई कडक बोलल्या. त्या बोलल्या ते बरोबर होतं.

मग सुभद्रा रोज माझ्याबरोबर दवाखान्यात येऊ लागली. साहेबांनीच सांगितलं, आण तिला. अंगणातल्या कडुलिंबाखाली बसायची. मी पिचकाऱ्या उकळताना एक डोळा तिच्यावर. येणारे-जाणारे विचारायचे, ही कोण, कायले बसली? साहेब सांगायचे, आमच्या दवाखान्याची आहे. रात्री मी तिच्या पदराला माझ्या पदराची गाठ मारून झोपायची. आठवडा गेला, दुसरा गेला, फरक दिसेना. मी रोज मनात म्हणायची, मी हिला मारलं आणि ही अजून चालून राह्यली.

त्याच दिवसांत साहेबांनी चंद्रीची मुळीही बंद केली. मास्तरीणबाईंना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. मीच नंतर गेले आणि म्हटलं, बाई, ती परत ओरडेल, दूधही जाईल कदाचित. त्या चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "ओरडू दे. तिला गप्प केलं ते मी माझ्यासाठी केलं, कौसल्या. मलाच ऐकवत नव्हतं."

आणि एका सकाळी भिंतीपलीकडून चंद्री हंबरली. इतक्या दिवसांनी, पोटातून. मी एका बैलाच्या खांद्याला पट्टी बांधत होते. वळून पाहिलं तर सुभद्रा उठून उभी. ती भिंतीपर्यंत गेली, भिंतीला कपाळ टेकवलं. चंद्री पुन्हा हंबरली. आणि सुभद्रानं हंबरडा फोडला. तिच्या पोरीचं नाव घेऊन, छाती पिटून, जे तिनं दोन-अडीच महिन्यांपूर्वी करायचं होतं ते सगळं. बैलाचा मालक घाबरून म्हणाला, साहेब, कोनाला काय झालं? साहेबांनी त्याला फाटकाबाहेर नेलं आणि बाहेरच्या गाड्याही तिथंच थांबवल्या. भिंतीपलीकडून मास्तरीणबाई आल्या, आणि आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना नुसत्या बसून राहिलो. तिला गप्प कर असं कुणी म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी ती घरी जाताना वाटेत म्हणाली, "भूक लागली." बुद्धपौर्णिमेला तिनं स्वतः खीर केली. दोन वर्षांनी तुझा बाप झाला, प्रज्ञा.

मी पुढे कायम झाले, परिचर म्हणून रिटायर झाले. त्या दिवसानंतर शेऱ्याच्या रकान्यात 'शांत' हा शब्द मी कधी लिहिला नाही. लिहायची ते डोळ्याला दिसलेलं: पापण्या अर्ध्या मिटलेल्या, कान पडलेले, माशी हाकलत नाही, चारा अर्धा टाकला. नंतरचे एक साहेब चिडायचे, म्हणायचे, कौसल्याबाई, शेरा लिहा, पोथी नको. मी पोथीच लिहिली. पुढं ती रजिस्टरं वाळवीनं खाल्ली म्हणतात. खाऊ दे.

आणि एक सांगायचं राहिलं. मी काय दिलं होतं हे सुभद्राला सांगायचा धीर मला कित्येक वर्षं झाला नाही. तुझ्या बापाच्या लग्नाच्या हळदीला आम्ही दोघीच बसलो होतो तेव्हा सांगितलं. ती हळद कालवतच राहिली. म्हणाली, "मले माहीत होतं बाई. गुळातबी कडू लागत होतं ते. तुमी देऊन राह्यल्या होत्या, म्हनून खाल्लं."

मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तर पोरी, त्या दिवशी फोनवर मी गप्प होते ती यासाठी. नंतर तू पुन्हा फोन करून समजावून सांगितलंस, तेही मी नीट ऐकलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचा एक रस असतो, आणि तो जिथं जाऊन बसतो ती लहान लहान दारं माणसाला आहेत तशी म्हशीलाही, उंदरालाही आहेत. दारं दिसायला सारखीच. पण एकेक दार म्हणजे शेकडो मण्यांची माळ, आणि त्यात कुठं उंदराचा एखादा मणी वेगळा, माणसाचा वेगळा. तेवढ्या एका मण्यानं एखादं औषध उंदराच्या दारात आत जातं आणि माणसाच्या दाराशी बाहेर राहतं. दारांची संख्याही, जागाही ज्याची त्याची वेगळी. आणि आमची मुळी तर त्या रसाचं भांडंच रिकामं करते, असं तू म्हणालीस. मग रिकाम्या भांड्यानं कुणाचं काय हरवेल हे ज्याच्या त्याच्या दारांवर. म्हशीचं काय हरवलं होतं ते मला आजही माहीत नाही. सुभद्रानं मला सांगितलं, कारण तिला तोंड होतं. चंद्रीनं भिंतीपलीकडून सांगितलं तेवढंच.

मी हे सगळं सुभद्राला समजावून सांगितलं, दारं आणि मणी. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "आपली प्रज्ञा त्या उंदरायच्या डोळ्याकडे पाह्यते का वं, का नुसतं लिहिते?" मी म्हटलं, तिलाच विचार. तेव्हापासून ती रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसते आणि दारव्ह्याची बस आली की मान उंच करते. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. ते फोनवर देऊ नको, घेऊन ये. मेथी संपायच्या आत ये.